उजव्या खांद्यावरचं तेल

शुक्र. ९ जाने. रुवी, मस्कत
सकाळी चहा केला, दोन कप. दहा महिन्यांनंतरही हात दोनच कप काढतो, हाताला अक्कल नाही. दुसरा बेसिनमध्ये ओतला. दत्ताराम खाटेवर बसून बघत होता, मग मान खाली घालून चप्पल शोधायला लागला. एका गावचे, एका शाळेतले, अकरा वर्षं या एका खोलीत. गावाने फोनवर सांगितलं बोलायचं नाही, तर हा रुसैलच्या कारखान्यातून दमून येतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. याचं पूर्ण नाव लिहायचाही कंटाळा आलाय. यापुढे नुसतं द.

दुपारी गावाहून धाकट्या भावाचा, मंगेशचा फोन. आबांचा दम वाढलाय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. म्हणजे काय ते कळलं. आबा दिवसभर एकच विचारतात, शिमग्याला पालखी अंगणात येईल ना. "दादा, मी काय सांगू त्यांना?" छातीला तेल चोळ म्हणालो. लाज वाटली बोलल्यावर.

रवि. ११ जाने.
मी काचा घासतो त्या चष्म्याच्या दुकानात दामले बाई. पुण्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या, आता इथे मुलाकडे. डोळे चाललेत. दर महिन्याला नंबर वाढवून मागतात. आज गिऱ्हाईक नव्हतं, तर विचारलं की गावाने वाळीत का टाकलं. सांगितलं. सांगताना स्वतःला जरा जास्तच शहाणा केला, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाषाणाच्या दोन खांद्यांवर दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, मानकऱ्यांनी प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा मान आमच्या घराण्याचा. चाळीस वर्षं आबांनी लावल्या. त्यांचे हात कापायला लागले तेव्हापासून, म्हणजे तीनेक वर्षं, चुलत भाऊ प्रकाश लावतो. गेल्या शिमग्याला मी रजेवर होतो. शेवंतीकाकीच्या परसातली जागा सभामंडपाला घ्यायची का, असा कौल. उजवी पडली. काकीला नवरा नाही, मूल नाही. तिथे रडायलाही ती लाजली.

मला राहवलं नाही. पुढे जाऊन उजव्या खांद्यावरून बोट फिरवलं. बुळबुळीत. समई त्या बाजूला, तेल घातलं की जो तो हात तिथेच पुसतो. तेलकट दगडावर पाणी धरत नाही, हे काच घासणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. खिशात चष्म्याच्या दोन काचा होत्या. एकीला तेलाचं बोट लावलं, दुसरी कोरडी पुसली, दोन्हींवर पाकळ्या लावून उभ्या धरल्या. तेलाची आधी पडली. परत लावल्या, परत तीच पडली. "प्रश्न उलटा विचारा, देव उलटं उत्तर देईल," म्हणालो. आणि हसलो.

हसलो नसतो तर कदाचित निभावलं असतं. काकीची जागा गेली ती गेलीच, वर आमचं घर वाळीत. मंगेशला गिरणीत दळण मिळत नाही. आबांकडे कोणी येत नाही. फक्त काकी येते, मागच्या दाराने, पेज घेऊन.

बाईंनी सगळं ऐकलं. एवढंच म्हणाल्या, की तुमच्यासारखाच एक काच घासणारा होता, साडेतीनशे वर्षांपूर्वी. शुक्रवारी घरी या.

शुक्र. १६ जाने.
बाईंकडे. त्यांनी या काच घासणाऱ्यावर वही लिहिली आहे, मराठीत. आता स्वतःचंच अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचायचं आणि त्या चुका सांगणार. त्याचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. इथे आपला काचवाला.

व्यापाऱ्याचा मुलगा. त्याची माणसं जीव वाचवून दुसऱ्या मुलखातून पळून आलेली, परक्या बंदरात दुकानं थाटून राहिलेली. अशी माणसं आपल्यातल्याला जास्तच आवळून धरतात, असं बाईंनी लिहिलंय. हे लिहायला पुस्तकं कशाला, आमच्या गावच्या मंडळाची रुवीतली मीटिंग बघितली असती तरी चाललं असतं. तो म्हणाला, देव म्हणजे वर बसून न्याय देणारा कोणी नाही. जे जे आहे ते सगळं मिळून देव, आणि जे होतं ते कारणाने होतं. त्याला प्रार्थनेच्या जागी सगळ्यांसमोर शाप वाचून बाहेर काढलं. तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याच्याशी बोलायचं नाही, एका छपराखाली राहायचं नाही, चार हातांच्या आत जायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही.

घरी येऊन मोजलं. द. ची खाट माझ्या खाटेपासून तीन हात. गाव नियमात ढिलं आहे म्हणायचं.

बाईंना विचारलं, मग तो रागावला नाही? म्हणाल्या, माणसांच्या वेडेपणावर तो हसायचा नाही, रडायचाही नाही, हे असं का झालं ते बघायचा. मग थांबून, "तुम्ही हसलात, सुधाकर." हो बाई, हसलो. किती वेळा सांगायचं.

शनि. २४ जाने.
मोठ्या मानकऱ्यांनी मंगेशकडे निरोप दिला. सुधाकरने व्हिडिओ कॉलवर देवळासमोर सांगायचं, की मी दाखवलं ते खोटं होतं. मग विचार करू.

बाईंचा मुलगा म्हणाला, हा गुन्हा आहे, कायदा आहे, तक्रार करा. मंगेशला सांगितलं. तो म्हणाला, पोलीस येतील, जीपमधून उतरतील, कागद करतील. "आबांना खांदा द्यायला येतील का, दादा?" मग मी म्हटलं, मी रजा घेऊन येतो. तर म्हणाला, "तू नको येऊस. तू आलास तर मागच्या दाराने काकी येते तेही बंद होईल."

माझ्या घरी मी नको. वाटीभर भात खाल्ला, मिठाशिवाय. कळलंच नाही.

शुक्र. ३० जाने.
बाईंचा नवा चष्मा घेऊन गेलो. जाड काच, कडा घासताना दोन तास मोडले. मला माहीत होतं याने काही होणार नाही. पडदाच गेलाय डोळ्याचा, काचेने काय होतंय. पण त्यांनी घातला तेव्हा म्हणालो, आता सवय झाली की दिसेल. त्यांनी वही समोर धरली, लांब धरली, खाली ठेवली.

"काच चांगली आहे. डोळे नाहीत. तुम्हाला हे माहीत होतं ना?"

मी चष्म्याची डबी मिटली.

"मी आंधळी होतेय. त्यात तुम्ही मला मूर्ख करू नका."

चहा न घेता निघणार होतो. त्यांनीच बसवलं, वही पुढे केली. काचवाल्याला सांगितलं होतं म्हणे, प्रार्थनेला येऊन बस, तोंड मिट, तुझी वर्षासनाची सोय करतो. तो गेला नाही. भाड्याच्या खोल्यांत राहिला, काचा घासल्या, त्या धुळीने छाती खराब झाली असणार. चव्वेचाळिसाव्या वर्षी मेला. मी सेहेचाळीस. त्याच्यामागे वाळीत पडलेला भाऊ नव्हता, म्हाताऱ्या बापाला दम नव्हता. बाप तर आधीच गेलेला. हे मी मोठ्याने बोललो बहुतेक. बाई म्हणाल्या, हो, त्याला सोपं गेलं असेल, हे खरं आहे.

मी व्हिडिओ करणार नाही. का ते नीट सांगता येत नाही. काकीसाठी म्हणावं, तर तेवढा चांगला मी नाही.

गुरु. ५ फेब्रु.
आज आबांनी स्वतः फोन मागून घेतला. दहा महिन्यांत पहिल्यांदा. एक वाक्य, मग श्वास, मग दुसरं वाक्य. मी सगळं जसं आठवतं तसं लिहितो.

"व्हिडिओ करू नको. खोटं नाय बोललास तू."

मी म्हटलं, आबा, तुम्हाला ठाऊक होतं?

"तेल लागतं ते मला ठाऊक नाय? मी रोज पहाटे दोन्ही खांदे राखेनं घासायचो. काथ्या आणि राख. माझ्या बापानं शिकवलेलं. दोन्ही खांदे सारखे झाले पायजेत, मगच पाकळी. चाळीस वर्षं."

मग खूप खोकला. मंगेशने फोन घेतला, आबांनी परत हिसकावला. म्हणाले, प्रकाशला सांगितलं होतं, त्याला कंटाळा. आणि मग, "तू त्या पोराची चूक दाखवलीस. पण लोक समजले, मी चाळीस वर्षं फसवलं. तू पण तसंच समजलास."

हो. तसंच समजलो होतो. काचा धरून उभा होतो तेव्हा आबा देवळात खांबाला टेकून बसले होते, मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बापाला सगळ्या गावासमोर चोर केलं आणि वर शाळेतल्या पोरासारखा खूश झालो.

दुकानात आज एक काच तडकवली. अर्बाबने, म्हणजे मालकाने, माझा चेहरा बघितला आणि दुसरी काच पुढे केली.

शुक्र. ६ फेब्रु.
बाईंना सांगितलं. त्यांनी राखेचं परत परत विचारलं. किती, ओली की कोरडी. मग म्हणाल्या, तुमचे वडील माझ्या काचवाल्याला आवडले असते.

फोन ठेवताना आबा आणखी एक म्हणाले होते, तेही सांगितलं. दगड देव, पाणी देव, पाकळी देव, मग पाडतो कोण? मी म्हटलं, बाई, हे तर तुमच्या वहीतलंच झालं. मला बरं वाटत होतं. बाईंनी मान हलवली. नाही म्हणाल्या, तिथवर खरं, पुढे नाही. "काचवाल्याचा देव कोणाच्या बाजूने पाकळी पाडत नाही. त्याला तुमचे आबा माहीत नाहीत, शेवंतीकाकी माहीत नाही. आपण त्याच्यावर प्रेम करायचं आणि त्याने उलट करावं असं मनातही आणायचं नाही."

असला देव काय कामाचा, असं माझ्या तोंडून गेलं. त्या म्हणाल्या, कामाचा नाहीच. घरी येताना चालतच आलो, टॅक्सी केली नाही.

मंगळ. १७ फेब्रु.
गाव म्हणतंय, व्हिडिओ राहू दे. देवालाच विचारू. रविवारी कौल, आमच्या घरावरची बंदी कायम ठेवायची का. म्हणजे उजवी पडली की होय, कायम. प्रश्न कसा विचारायचा ते मोठ्या मानकऱ्यांना बरोबर कळतं. माझ्याकडूनच शिकले असतील.

संध्याकाळी प्रकाशचा फोन, चोरून, गोठ्यातून. आवाज रडवेला. काकांचे हाल बघवत नाहीत म्हणाला. "सुधादा, डावी आधी कशी पडेल, तेवढं सांग." मी म्हटलं, राखेने घास दोन्ही, आबांसारखं, मग काय होईल ते होईल. तो म्हणाला, आणि उजवी पडली तर? मी म्हटलं, विचार करून सांगतो.

शुक्र. २० फेब्रु.
रमजान लागला. दुकान अर्धा दिवस, आज बंदच.

बाईंकडे वाचलं. काचवाल्याची घरमालकीण साधी, देवभोळी. तिने एकदा विचारलं, माझ्या धर्माने माझं भलं होईल का? तो म्हणाला, तुझा धर्म चांगला आहे, दुसरा शोधू नको, नीटपणे राहा. मी बाईंना विचारलं, खोटं बोलला का मग? बराच वेळ त्या बोटाने टेबल चाचपत होत्या. "खोटं नाही बोलला. सगळं खरंही नाही सांगितलं. तिला झेपेल तेवढं दिलं." मी म्हटलं, माझ्या चष्म्यावर तर तुम्ही रागावलात. म्हणाल्या, मला झेपत होतं, तुम्ही विचारलं नाहीत.

प्रकाशचं काय करू ते त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

रवि. २२ फेब्रु.
सांगितलं मी त्याला. पहाटे फोन केला आणि सगळं सांगितलं. उजवा खांदा राखेने घास, कोरडा कर, पाणी भरपूर, पाकळी पातळ घे. डावीकडे आधी तेलाचं बोट, पाणी नावाला, पाकळी देठाकडून जड असेल ती. तो 'हां, हां' करत होता. काच बसवायला शिकवतोय असंच मला वाटत होतं, आवाजसुद्धा तसाच लागला.

साडेनऊला मेसेज. डावी पडली. बंदी उठली. लोकांनी घंटा वाजवली, मोठ्या मानकऱ्यांनी देवासमोर डोकं टेकलं, कोणी म्हणालं, बघा, ज्याने देवाला नावं ठेवली त्यालाच देवाने माफ केलं, आणखी काय पुरावा पाहिजे.

पुरावा. मी दिला तो. आता या कौलावर कोणी कधी बोट ठेवणार नाही. सभामंडपाचं काम उद्यापासून चालू, मंगेश म्हणाला. काकी देवळात होती. तिने आमच्यासाठी हात जोडले.

मला आनंद झाला. तोही लिहून ठेवतो, खोटं कशाला. पालखी येणार, आबा बघणार. दुपारी पोटभर जेवलो आणि झोपलो.

बुध. ४ मार्च
द. बोलला. कारखान्यातून आला, डबा ठेवला, माझ्या खाटेच्या कडेवर बसला. "सुध्या, शुक्रवारी पालखी तुमच्याकडं." मग तोंड फिरवून रडला. म्हणाला, तुला ताप आला होता तेव्हा तुझ्या उशाशी गोळ्या मीच ठेवल्या होत्या. मला माहीत होतं रे. इथे दुसरं कोण होतं ठेवायला. पण अकरा महिने तुझी पाठ बघितली ती विसरायला वेळ लागेल, असं म्हणायचं होतं, ते म्हणालो नाही. चहा केला. दोन कप.

त्याने विचारलं, आता मानतोस ना कौल? मी चहात साखर ढवळत बसलो.

शुक्र. ६ मार्च
सकाळचे अकरा. भराभर लिहितोय, अक्षर लागणार नाही.

मंगेशने आत्ता व्हिडिओ लावला. अंगण सारवलंय, रांगोळी, माणसंच माणसं. आबांना उचलून ओटीवर आणलं, पांढरी टोपी, नवं उपरणं. केवढेसे झालेत. पालखी खालच्या वाडीत, ढोल ऐकू येतोय. काकी त्यांच्या पाठीला हात लावून बसली आहे.

आबांनी मला बघितलं, हसले. मग मंगेशला खूण केली, की सगळ्यांना जरा लांब कर. काकीलाही. मग मंगेशच्या कानात बोलले. मंगेश फोनवर म्हणाला, "दादा, आबा विचारतायत, खांदे राखेनं पुसले होते का. प्रकाश नीट सांगत नाय, तुला ठाऊक असेल म्हणतायत." मी म्हटलं, म्हणजे? मंगेश परत वाकला, परत ऐकलं. त्याचा चेहरा पडला. "पुसले नसतील तर पालखी अंगणात घेऊ नका म्हणतायत. रस्त्यावरून नमस्कार करतील. होय की नाय, तेवढंच सांग म्हणाले."

रेंज नाही म्हणालो. पाच मिनिटांत लावतो म्हणालो. कट केला.

पुसला होता की. उजवा. राखेने, स्वच्छ. 'पुसला' म्हटलं तर खोटं नाही. असं इथे लिहिलं आणि वाचलं, आणि माझाच मला वीट आला.

काचवाल्याने घरमालकिणीला झेपेल तेवढं दिलं. आबांना काय झेपतं? रस्त्यावरून नमस्कार केला तर गाव काय समजेल, मंगेश काय समजावेल त्यांना, प्रकाशला तर जिवंत सोडणार नाहीत. आणि 'होय' म्हटलं तर आबा पालखी खांद्याशी घेतील, डोळे मिटतील, आणि त्यांची चाळीस वर्षं मी दुसऱ्यांदा खाल्ली, या वेळी त्यांना न कळता. बाईंचा डोळ्यांचा आजार बरा, त्यांना निदान माहीत आहे की दिसत नाही.

त्यांनी मला विचारलं. प्रकाशवर नाही, गावावर नाही, भरवसा माझ्यावर. मी खोटं नाही बोलत म्हणून.

द. समोर उभा आहे. त्याच्या फोनवर गावच्या ग्रुपचा व्हिडिओ चालू, पालखी आमच्या पाणंदीला लागली म्हणतो. "उचल की रे फोन, काय लिहितोस?"

मंगेशचा फोन वाजतोय. दुसऱ्यांदा.